पारनेरचे सेनापती आणि गिरण्यांचा रस्ता

मुंबईत दादरहून लोअर परळकडे रेल्वेला समांतर जाणारा सेनापती बापट मार्ग जुन्या मुंबईकरांच्या तोंडी अजूनही तुळशी पाइप रोडच आहे. फिनिक्स, कमला, मथुरादास या गिरण्या याच रस्त्यावरच्या. रस्त्याला ज्यांचे नाव मिळाले, ते पांडुरंग महादेव बापट १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला जन्मले. ‘सेनापती’ हे बिरुद त्यांना लाभले, ते मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवू पाहणाऱ्या धरणाविरुद्ध लढताना!

आरंभी गिरण्या दगडी कोळशाच्या वाफेवर चालत. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि घाटमाथ्याचा पाऊस यंत्रांना जुंपला गेला. पुढची पायरी मुळशीची होती. सुमारे ५० गावांच्या भातशेतीवर पाणी चढणार होते. १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. एडिनबरोला अभियांत्रिकी शिकायला गेलेले बापट यंत्राचे शत्रू नव्हते. यंत्राची किंमत कोण मोजतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता. १९२४ च्या अखेरीस रेल्वे अडवल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्ये भिऱ्याचे केंद्र सुरू झाले.

त्या वास्तूंमध्ये ऊर्जेचा विचार मुळातच होता. सूतकताईच्या इमारती बहुमजली, जाड भिंतींच्या. विणाईच्या शेड बैठ्या, करवतीच्या दात्यांसारख्या छपरांच्या. दात्यांची काचेची बाजू उत्तरेला असल्याने थेट ऊन टळे, उजेड मात्र भरपूर मिळे.

१८ जानेवारी १९८२ चा संप लांबला आणि एकेक गिरणी थंडावत गेली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियम ५८ प्रमाणे गिरणी पाडल्यास जमिनीचे पालिका, म्हाडा व मालक असे ढोबळमानाने तीन वाटे होत. जुनीच इमारत नव्या कामासाठी वापरली, तर वाटणी टळे. म्हणजे जुन्या वास्तू टिकवण्याला कायद्याचेच प्रोत्साहन होते! पण त्या वास्तूंत घरे झाली नाहीत. कचेऱ्या आणि करमणुकीची ठिकाणे झाली. २००१ च्या दुरुस्तीने फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचीच वाटणी ठरवली. इमारत पाडण्यावरचा अंकुश गेला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती उचलून धरली.

मँचेस्टरच्या अँकोट्समध्ये आणि अमेरिकेतल्या लोवेलमध्ये जुन्या कापडगिरण्यांत आज लोक राहतात. मुंबईत हे सोपे नव्हते, हेही मान्य करावे. बैठ्या शेडच्या पोटात खिडकी पोचत नाही. घरे करायची तर मधोमध चौक कापावे लागतात. बहुमजली इमारतींना मात्र ही सबब लागू होत नाही. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के मानला जातो. उभी भिंत पाडून नवी बांधली, की जुन्या भिंतीत एकदा खर्च झालेली ऊर्जा राडारोड्यात जाते आणि नवी पुन्हा खर्चावी लागते. मुंबईच्या बाबतीत त्या जुन्या खर्चाच्या वहीत मुळशीची भातखाचरेही लिहावी लागतात.

फिनिक्सच्या आवारात चिमणी तेवढी जपली गेली. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. घरे प्रत्येकी २२५ चौरस फुटांची, गिरण्यांच्या जमिनीवर नव्याने बांधलेल्या मनोऱ्यांमध्ये.