थंडी, खेडे आणि विजेची मोटार

विजेवर चालणारी मोटार हे आपल्याच काळाचे अपत्य होय, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास निराळे सांगतो. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या सुमारे ४,२०० मोटारींपैकी एकतृतीयांशाहून अधिक विजेच्या होत्या. ऐन हिवाळ्यात पेट्रोलची मोटार चालू करणे म्हणजे घट्ट झालेल्या तेलाशी हँडल फिरवून झुंज घेणे. विजेच्या मोटारीला ते कष्ट नव्हते. मग ती मागे का पडली?

१९०८ मध्ये फोर्डची ‘मॉडेल टी’ आली. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर बसवून हँडलची पीडाही दूर केली. ही कारणे खरीच. तथापि खेड्यापुरते पाहिले तर याहून मूलगामी कारण दिसते. शेतकरी पेट्रोलचे पिंप कोठारात ठेवू शके. वीज तो कोठून आणणार? १९३५ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणासाठी स्वतंत्र खाते स्थापन केले, तेव्हा त्या देशात दहांपैकी जेमतेम एका शेतकऱ्याच्या घरी वीज पोहोचली होती. खेड्याची वाट अडवली ती थंडीपेक्षा तारेच्या अभावाने.

या अनुमानाची कसोटी पुढे नॉर्वेत लागली. तेथील बहुतेक वीज जलशक्तीची, आणि ती दूरच्या वस्त्यांपर्यंतही गेलेली. १९९० मध्ये शासनाने विजेच्या मोटारींवरील आयात-कर उठवला; २००१ मध्ये मूल्यवर्धित करही माफ केला. २०२४ साली तेथे विकल्या गेलेल्या दर १०० नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ विजेच्या होत्या.

म्हणून थंडीचा त्रास काल्पनिक ठरत नाही. गारठ्यात बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि चार्जिंगला वेळ लागतो. पेट्रोलच्या इंजिनाची वाया जाणारी उष्णता प्रवाशांना ऊब देते. येथे ती ऊबही बॅटरीतूनच घ्यावी लागते. नॉर्वेच्या मोटार महासंघाने २०२० च्या हिवाळ्यात २० मोटारी चालवून पाहिल्या. त्यांचा पल्ला जाहीर आकड्यापेक्षा सरासरी १८.५ टक्क्यांनी कमी भरला. शहरात हा तोटा सहज सोसतो; जेथे पुढचे गाव १०० किलोमीटरवर आहे, तेथे तोच तोटा जिवावर बेतू शकतो.

उत्तरेकडील फिनमार्क प्रांत डेन्मार्कहून विस्तीर्ण, पण वस्ती लाखाच्याही आत. मोजक्या गाड्यांसाठी तेथे चार्जिंग केंद्र उभारणे व्यापाऱ्यास परवडणारे नव्हते. म्हणून शासनाला अनुदान द्यावे लागले, आणि दक्षिणेकडे रूढ झालेली मोटार येथे मागाहून पोहोचली.

तात्पर्य, एखादे यंत्र व्यवहार्य आहे की नाही, याचा निवाडा केवळ यंत्रशाळेत होत नाही. शेवटच्या घरापर्यंत तार नेण्याचा खर्च समाज उचलतो की नाही, यावर तो अवलंबून असतो. १९३५ चा हा प्रश्न आजही जुना झालेला नाही. यंत्राच्या गुणदोषांची चर्चा करताना आपण सर्वांनी, विशेषतः शाळेतून बाहेर पडून निरनिराळ्या क्षेत्रांत काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी, तो आधी विचारावा, एवढीच विनंती.