चांदीची उसनवारी

धनत्रयोदशीला चांदीचे एखादे नाणे पुजणाऱ्या आपल्या घरांना ही हकीकत नवलाची वाटेल. १९४२ साली अमेरिकी सैन्यातील कर्नल निकोल्स सरकारी खजिन्याच्या दारी गेले आणि सहा हजार टन चांदी उसनी मागू लागले. येथे चांदी टनांत नव्हे, औंसांत मोजतात, असे त्यांना ऐकावे लागले! अखेर सुमारे १३,३०० मेट्रिक टन चांदी बाहेर पडली.

ती कशासाठी? मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. वर्गात सांगतो तसेच सांगतो. खाणीतल्या हजार ग्रॅम युरेनियमात सहज फुटणारे, २३५ वजनाचे युरेनियम जेमतेम सात ग्रॅम. बाकी जवळजवळ सारे २३८ वजनाचे. त्या सातांचे प्रमाण वाढवणे म्हणजे समृद्धीकरण. तांदळातला कोंडा सुपाने पाखडता येतो. या जुळ्या भावांना मात्र रसायनेही वेगळे करू शकत नाहीत. फरक काय तो वजनाचा. म्हणून टेनेसीतील ओक रिज येथे युरेनियमचे विद्युतभारित कण प्रचंड चुंबकांमधून सोडले. हलका कण अधिक वळतो, जड कण कमी. दोघांना निरनिराळे झेलायचे. चुंबकांच्या वेटोळ्यांना तांबे हवे होते, पण ते युद्धाने गिळले होते. म्हणून चांदी.

यंत्रांपुढे बसल्या त्या बहुतेक नुकत्याच शाळा संपवून आलेल्या मुली. काटा सरकला की कळ फिरवून जागेवर आणायचा, एवढेच शिक्षण. काय बनते, हे विचारायचे नाही. शास्त्रज्ञांशी पैज लागली, तीही मुलींनीच जिंकली. शास्त्रज्ञ प्रत्येक हालचालीचे कारण शोधत बसत! या मुलींचे मला कौतुक वाटते, तशी धास्तीही. आपल्या हातून काय घडले, हे त्यांना ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमाच्या बातमीनेच कळले. वर्षअखेरपर्यंत तेथे सुमारे १,४०,००० माणसे मेली, असा अंदाज आहे.

समृद्धीकरणाची ही विद्या पुढे दिव्यांच्याही कामी आली. १९६९ साली तारापूरच्या अणुभट्ट्या वीज देऊ लागल्या, त्या अमेरिकेहून आणलेल्या समृद्ध युरेनियमावर. हिरोशिमाच्या बॉम्बला ऐंशी टक्क्यांच्या आसपास लागले; तारापूरला तीनही पुरेसे नव्हे, जास्तच!

उसन्या चांदीचा शेवटचा हप्ता १९७० साली परत गेला. घट शंभरात ०.०३६ हूनही कमी. इतका चोख हिशेब! त्या मुलींना मात्र कोणी काही विचारले नव्हते. वर्गात सांगितलेले निमूट करणाऱ्याला शाबासकी मिळते. 'हे कशासाठी, गुरुजी?' असे विचारणाऱ्यालाही ती मिळाली पाहिजे.