सिंगापूर : फलकावरच्या चार भाषा आणि आजीची पाचवी

सिंगापूरच्या मेट्रो स्थानकात धोक्याचा इशारा चार भाषांत लिहिलेला असतो : इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ. मलय रोमन लिपीत लिहितात, म्हणून भाषा चार असल्या तरी लिप्या तीनच. या देशात बोलतात काय, याचे उत्तर प्रवाशाला येथेच मिळाल्यासारखे वाटते.

मात्र स्थानकाबाहेरच्या कोपिटियाममध्ये, म्हणजे तिथल्या साध्या कॉफीच्या दुकानात, बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी हवी असेल तर म्हणावे लागते ‘कोपी ओ कोसोंग’. यातले ‘कोपी’ (कॉफी) आणि ‘कोसोंग’ (रिकामे) हे शब्द मलय आहेत. ‘ओ’ म्हणजे काळा, तो होक्कियन. स्थानकातल्या फलकावर होक्कियनला जागा नाही.

1965 मध्ये मलेशियापासून वेगळे झाल्यावरही सिंगापूरने राष्ट्रभाषेचे स्थान मलयलाच दिले. बहुसंख्य चिनी असलेल्या देशाचे राष्ट्रगीत आणि लष्करी कवायतीचे हुकूम आजही मलयमध्ये आहेत. शेजारी मलेशिया आणि इंडोनेशिया असताना हा निर्णय भाबडा खचितच नव्हता. (मलयमध्ये भाषेला ‘बहासा’ आणि राष्ट्राला ‘बांग्सा’ म्हणतात, पहिला शब्द संस्कृत ‘भाषा’वरून आला, दुसरा ‘वंश’वरून.)

खरी उलथापालथ झाली ती चिनी घरांत. दक्षिण चीनमधून आलेल्यांचे पूर्वज होक्कियन, तिओच्यू, कँटोनीज, हक्का, हैनानीज बोलत. यांना सरकारी परिभाषेत ‘बोली’ म्हणतात. पण एकीचा भाषक दुसरीच्या भाषकाला सहसा समजत नाही. उत्तरेकडची मँडरिन फार थोड्या घरांत बोलली जाई. भिन्न समाजांचे लोक बाजारात भेटले की मोडक्यातोडक्या मलयवर निभावून नेत.

1966 पासून माध्यमिक शाळांत दुसरी भाषा सक्तीची झाली. चिनी मुलांसाठी ती भाषा मँडरिन ठरली. घरी होक्कियन, शाळेत इंग्रजी आणि मँडरिन, हे ओझे मुलांना पेलत नाही असा निष्कर्ष निघाला आणि सप्टेंबर 1979 मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी ‘मँडरिन बोला’ मोहीम सुरू केली. पुढच्या काही वर्षांत दूरचित्रवाणीवरच्या कँटोनीज मालिका थांबल्या आणि नभोवाणीवरचे लोकप्रिय कथाकारही मूक झाले. साधन परिणामकारक होते, यात शंका नाही. 2020 च्या जनगणनेत घरी प्रामुख्याने चिनी बोली वापरणारे रहिवासी 9 टक्क्यांहून कमी भरले. इंग्रजी वापरणारे 48 टक्क्यांच्या वर गेले. केवळ होक्कियन जाणणारी आजी आणि केवळ इंग्रजी-मँडरिन जाणणारा नातू एकाच घरात राहू लागले.

भारतीयांच्या वाट्याला अधिकृत भाषा म्हणून तमिळ आली. पुढे शाळांत हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू यांनाही मान्यता मिळाली. मराठी त्यांत नाही; मराठी घरातले मूल बहुधा हिंदीकडे वळते.

2016 मध्ये सरकारच्याच सहकार्याने दूरचित्रवाणीवर होक्कियन मालिका आली. सरकारी योजना वृद्धांपर्यंत पोहोचत नव्हत्या, कारण त्या समजावून सांगायला त्यांची भाषा उरली नव्हती. मालिकेचे नाव होते, ‘जेवलात का?’