हरित विकास आणि पाण्याचा न्याय : तानसा ते गारगाई

गणेशपुरी, वज्रेश्वरी, अकलोली ही गावे तानसा नदीच्या परिसरात, गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध आहेत. याच नदीवर वरच्या अंगाला, शहापूर तालुक्यात, १८९२ साली तानसा धरण पूर्ण झाले. ते बांधले मुंबईसाठी.

आज मुंबईला सात जलाशयांतून पाणी मिळते. त्यांपैकी विहार आणि तुळशी मुंबईतच आहेत, अप्पर वैतरणा नाशिक जिल्ह्यात आहे. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा आणि भातसा हे ठाणे-पालघरच्या आदिवासीबहुल पट्ट्यात. तरीही शहापूरचे अनेक पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. जलवाहिनी शेजारून जाते, पण हंडा रिकामाच. ही निसर्गाची नव्हे, वाटपाची टंचाई आहे असे आम्ही मानतो.

गारगाईचा प्रश्न

वाडा तालुक्यात, तानसा अभयारण्याच्या क्षेत्रात, मुंबई महापालिकेचे गारगाई धरण प्रस्तावित आहे. त्यातून दररोज ४४० दशलक्ष लिटर पाणी मिळेल असे नियोजन आहे. त्यासाठी जंगल आणि आदिवासी गावे पाण्याखाली जातील. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडे झाडे लावायची, म्हणजे पर्यायी वनीकरण, आणि हिशोब 'हरित' झाला असे म्हणायचे. पण मोहाचे झाड, रानभाजी, सरपण आणि कुळाची जमीन दुसऱ्या जिल्ह्यातल्या रोपवाटिकेतून परत मिळत नाही.

कायदा काय सांगतो?

वनहक्क कायदा, २००६ ने ग्रामसभेला जंगलावर हक्क दिला. २००९ च्या केंद्रीय परिपत्रकाने वनजमीन वळवण्यापूर्वी ग्रामसभेची संमती आवश्यक ठरवली. २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी मात्र वनहक्कांच्या पूर्ततेची जबाबदारी राज्यांवर टाकली. त्यामुळे केंद्राची मंजुरी आधी आणि गावाचे म्हणणे नंतर, असा उलटा क्रम शक्य झाला.

आपला वारसा

१९२३ साली बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी पिऊन तो हक्क प्रत्यक्षात बजावला. पुढे व्हाईसरॉयच्या मंडळात श्रममंत्री असताना (१९४२-४६) त्यांनी दामोदर खोऱ्यासारख्या बहुउद्देशीय योजनांचा पाया घातला. म्हणजे ते धरणविरोधी नव्हते. पाणी ही सर्वांची संपत्ती आहे आणि तिचे नियोजन राज्याने लोकहितासाठी करावे, हा त्यांच्या कामाचा अर्थ आम्ही घेतो.

म्हणून कोणत्याही 'हरित' प्रकल्पाला आपण तीन प्रश्न विचारावेत : पाणी कोणाला मिळणार? जमीन कोणाची जाणार? निर्णय कोणी घेतला? उत्तरांसाठी माहिती अधिकारात प्रकल्प अहवाल आणि ग्रामसभेचे ठराव मागवता येतात. मुंबईच्या वस्त्यांत नळासाठी लढणारे आणि पाड्यांवर विहिरीसाठी लढणारे एकमेकांचे विरोधक नाहीत. दोघांनाही पाणी आधी पिण्यासाठी हवे आहे.