सतरंजीवर डाग पडला की रंग उडाला? आधी ओळखा, मगच हात लावा

नागपूर : लग्नसराई आटोपली की गावोगावी सतरंज्या धुवायला निघतात. कुठे हळदीचा पिवळा पट्टा, कुठे खर्ऱ्याचा तपकिरी डाग, कुठे उदबत्तीने पडलेलं भोक. सतरंजी घरची असली तर जीव हळहळतो. भजनी मंडळाची, बचत गटाची किंवा शेजाऱ्याकडून आणलेली असली तर भरपाईचा प्रश्न येतो. पण अनेकदा खरं नुकसान डागाने होत नाही, तो काढायच्या घाईत होते. म्हणून बादली भरायच्या आधी दोन गोष्टी पाहून घ्या : धागा कोणता आहे आणि झालंय नेमकं काय.

नागपूर आणि सतरंजीचं नातं जुनं आहे. महापालिकेच्या दहा झोनपैकी एका झोनचं नावच सतरंजीपुरा आहे. अकोला जिल्ह्यातल्या अकोटच्या सतरंज्याही विदर्भात नावाजलेल्या. आज मात्र घरात सुती सतरंजीसोबत बाजारातला प्लॅस्टिक धाग्याचा गालिचाही असतो, आणि दोघांचा इलाज वेगळा आहे.

धागा कसा ओळखायचा?

काठाचा एक लहान धागा काढा, चिमट्यात धरा आणि घराबाहेर, पाण्याचा मग जवळ ठेवून काडीने पेटवा.

- सुती : भराभर जळतो, कागद जळाल्यासारखा वास येतो, मऊ राख उरते.
- लोकर : हळू जळतो, काडी दूर केली की विझतो, केस जळाल्यासारखा वास येतो. उरलेला काळा गोळा बोटाने चुरडतो.
- प्लॅस्टिक धागा : वितळतो आणि त्याचा कडक मणी होतो. गरम मण्याला हात लावू नका, चटका बसतो.

डाग आहे की रंग गेला?

साध्या पाण्यात थोडा साबण कालवा, पांढरं फडकं भिजवून पिळा आणि त्या जागेवर दहा मिनिटं दाबून ठेवा. फडक्यावर मळ किंवा डागाचा रंग उतरला तर तो डाग आहे, निघण्याची आशा आहे. काहीच उतरलं नाही आणि ती जागा आजूबाजूपेक्षा फिकी दिसत असेल तर रंगच उडाला आहे. अशी जागा कितीही घासली तरी फायदा नाही, उलट धागा झिजतो. फडक्यावर सतरंजीचाच रंग आला तर तो कच्चा आहे. तिला भिजत घालू नका.

कोणत्या डागाला काय?

हळद : साबण लागला की हळद लाल होते. घाबरू नका, भरपूर साध्या पाण्याने साबण काढला की तो लालपणा कमी होतो. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. ओली जागा उन्हाकडे ठेवा, पण बाकीची सतरंजी जुन्या चादरीने झाका. नाहीतर आपल्या मे महिन्याच्या उन्हात हळदीसोबत सतरंजीचाही रंग जाईल.

खर्रा : सुपारी-तंबाखूचा चोथा आधी चमच्याने खरवडा. चुन्याचा पांढरा थर राहिला तर पाण्यात थोडं व्हिनेगर टाकून पुसा. मग थंड पाणी आणि साबण. डाग ताजा असताना हात लावला तर बराचसा निघतो, जुना झाला की खूण राहतेच.

तेल, तर्री : डागावर बेसन किंवा टाल्कम पावडर जाड पसरा, रात्रभर राहू द्या, सकाळी झटका. नंतर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब पाण्यात घालून पुसा.

कपाटाच्या पायाचा गंज : सुती सतरंजीवर लिंबाचा रस आणि मीठ लावा, अर्ध्या तासाने धुवा. आधी मागच्या कोपऱ्यावर करून पाहा.

डाग नेहमी कडेकडून मध्याकडे टिपा. मधून बाहेर घासला तर पसरतो. लोकरीच्या गालिच्याला गरम पाणी आणि कपड्यांची वॉशिंग पावडर नको. सौम्य शाम्पू चालतो.

रंग उडालेल्या जागेचं काय?

सुती सतरंजीवर ब्लीच सांडलं असेल तर आधी ती जागा साध्या पाण्याने तीन-चारदा धुवा. ब्लीच धाग्यात राहिलं तर नवा रंगही खाऊन टाकते. सुकल्यावर सुती कपड्यांचा पुडीतला रंग घ्या, पुडीवर लिहिल्याप्रमाणे गरम पाणी आणि मीठ घालून कालवा आणि कापसाच्या बोळ्याने लावा. सुरुवात फिक्या रंगाने करा. कमी पडला तर पुन्हा लावता येतो, जास्त झालेला काढता येत नाही. ओला रंग गडद दिसतो, म्हणून वाळल्यावरच ठरवा.

लोकरीला वेगळा, लोकरीसाठीचाच रंग लागतो. प्लॅस्टिक धाग्याच्या स्वस्त गालिच्यावर घरचा रंग बसतच नाही. तिथे पैसे घालवू नका. ठिगळ लावा, नाहीतर ती बाजू कपाटाखाली घ्या.

भोक, जळालेली जागा, सुटलेला काठ

सतरंजीचं भोक रफू करता येतं. त्याच रंगाचा जाड सुती धागा आणि मोठ्या नेढ्याची सुई घ्या. भोकाच्या कडेपासून बोटभर बाहेर, मजबूत जागेतून सुरुवात करा. आधी सगळे उभे धागे टाका. मग आडवा धागा एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून असा विणत न्या. फार ओढू नका, नाहीतर जागा चुरगळते. मोठ्या भोकाला मागून जाड सुती कापड लावून शिवा.

गालिच्याची फक्त वरची लव जळाली असेल तर काळी टोकं कात्रीने कापा. खोलवर जळालं असेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यातून चौकोनी तुकडा कापा, जळालेला भाग त्याच मापाने काढा आणि खालून दोन्हीकडे चिकटणारी टेप लावून तुकडा बसवा. लवेची दिशा एकच ठेवा, नाहीतर तुकडा वेगळा उठून दिसतो.

काठाचे धागे सुटत असतील तर चार-चार धाग्यांची गाठ मारा. आज पाच मिनिटांचं काम आहे, पुढे सतरंजी अर्धी उसवते.

हे करूच नका

ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. अमोनिया असलेलं क्लीनरही ब्लीचसोबत नको. चुकून मिसळलं आणि खोकला, डोळ्यांची आग सुरू झाली तर बादली तिथेच सोडा, मुलांना घेऊन मोकळ्या हवेत या. श्वासाला त्रास होत असेल तर १०८ वर फोन करा.

लोकरीला ब्लीच अजिबात लावू नका. ते लोकर विरघळवते.

पावसाळ्याआधी

सतरंजी पूर्ण सुकल्याशिवाय घडी घालू नका, ओलीत बुरशी धरते. बुरशी आलीच तर नाकाला रुमाल बांधून अंगणात झटका, घरात नको. सतरंजी भिंतीला किंवा जमिनीला टेकवून ठेवू नका, वाळवी लागते. पाटावर किंवा पेटीत ठेवा. अंथरलेली सतरंजी सहा महिन्यांनी फिरवून टाका, म्हणजे ऊन आणि पाय एकाच जागी पडत नाहीत.

आणि दोन्ही हातांनी हलकं ओढताच धागे तुटत असतील तर दुरुस्तीवर खर्च करू नका. तिचा चांगला भाग कापून काठ शिवा. पायपुसणं होते, मुलांना अभ्यासाला बसायला आसनही होते.