मालाडचं तीस हजारांचं कर्ज

हसमुखभाई पारेख यांनी १९७७ साली एचडीएफसी काढली. तिचं पहिलं गृहकर्ज १९७८ मध्ये आपल्या मालाडमधल्या घरासाठी गेलं. रक्कम ३०,००० रुपये, व्याज साडेदहा टक्के. त्याआधी नोकरदाराला आधार दागिन्यांचा, नाहीतर प्रॉव्हिडंट फंडाचा.

पण डोक्यावर कर्ज ठेवून आपल्याला झोप कुठली! बोनस आला की मुद्दल फेडायची. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त, तेव्हा हे गणितही बरोबरच. गंमत अशी, की लवकर फेडणाऱ्यालाच अनेक ठिकाणी दंड पडे. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जांवरचा हा दंड रिझर्व्ह बँकेनं जून २०१२ मध्ये बँकांना बंद करायला लावला. कर्ज फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रं तीस दिवसांत परत, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम यायला मात्र डिसेंबर २०२३ उजाडला.