वेलांटी का सरकते? मराठी डीटीपीचा थोडा इतिहास

आजचा विषय तसा दुकानातला आहे, पण त्याचं मूळ इतिहासात आहे. आणि तो समजून घ्यायला आपल्या शहाडचंच उदाहरण पुरेसं आहे.

समजा, आषाढीनिमित्त शहाडच्या बिर्ला मंदिराचा उल्लेख असलेलं एक पत्रक छापायचं आहे. मजकूर मोबाइलवर लिहिला, डीटीपीवाल्याला पाठवला. त्याने तो डिझाइनच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला. 'मंदिर'चं झालं 'मंदरि'. 'बिर्ला'मधली वेलांटी ब सोडून र वर गेली, रफार खाली उतरला आणि पाय मोडलेला र उघडा पडला. पण 'शहाड' मात्र जसंच्या तसं राहिलं! पुढच्या स्टेशनांचं बघा: 'आंबिवली'ची 'आंबविली' होते, 'टिटवाळा'चं 'टटिवाळा'. शहाड का वाचलं? कारण त्यात पहिली वेलांटी नाही, जोडाक्षर नाही, रफार नाही. म्हणजे बिघाड कुठेही होत नाही, ठरावीक जागीच होतो. त्या जागा कुठून आल्या, हे आज आपण पाहू.

आधी खिळ्यांचा काळ. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, आणि तिथल्या देवनागरी टायपाचं नाव सगळीकडे झालं. खिळे जुळवणारा कंपोझिटर डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने काम करायचा. 'दि' जुळवायचा तर वेलांटी आधी, द नंतर. उच्चारात मात्र द आधी येतो आणि इकार नंतर. कागदावर या फरकाने काही बिघडत नव्हतं, कारण छापलं की काम संपलं.

१९८५ मध्ये ऑल्डस कंपनीचं पेजमेकर आलं आणि टेबलावरच्या संगणकावर पानं लागू लागली. पण त्या फॉन्टमध्ये एका अक्षरासाठी एक बाइट, म्हणजे फार तर २५६ जागा, आणि त्याही इंग्रजी व युरोपीय अक्षरांच्या हिशोबाने वाटलेल्या. मग आपल्याकडच्या लोकांनी युक्ती काढली. इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरीचे तुकडे बसवले: अर्धा ल, काना, वेलांटी, रफार. संगणकाला वाटायचं इंग्रजी चाललंय, आपल्याला दिसायचं मराठी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती, या सगळ्यांनी मराठी छपाईला मोठा हात दिला, हे कबूल केलंच पाहिजे. पण कोणता तुकडा कोणत्या जागी, हे ज्याने त्याने आपापलं ठरवलं. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये टाकला की कडबोळं! आणि क्रम तोच राहिला, कंपोझिटरचा, डोळ्यांचा.

दुसरी वाट याच काळात तयार होत होती. देवनागरी अक्षरांना उच्चाराच्या क्रमाने संकेत द्यायचे, अशी 'इस्की' ही पद्धत भारतात तयार झाली आणि १९९१ मध्ये ती राष्ट्रीय मानक ठरली. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने देवनागरीसाठी इस्कीचाच आराखडा घेतला. इथे 'दि' साठवताना द आधी, वेलांटी नंतर. पडद्यावर ती उचलून डावीकडे नेण्याचं काम सॉफ्टवेअरचं. विंडोज २००० मध्ये ही सोय आली, सोबत र. कृ. जोशींनी रेखाटलेला 'मंगल' फॉन्टही आला.

आता गंमत अशी, की विंडोजला हे काम येऊ लागलं, पण डिझाइनच्या सॉफ्टवेअरला येईना. पेजमेकर ७ ही शेवटची आवृत्ती २००१ची, तिला युनिकोड कळतच नाही; तिथे प्रश्नचिन्हांची रांग लागते. काहींना संकेत कळतात, पण वेलांटी उचलून ठेवणं जमत नाही. तिथे 'मंदरि' होतं. ॲडोबीच्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची रीतसर सोय सीएस ६ मध्ये, म्हणजे २०१२ मध्ये आली. तीही 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडला तरच! त्यामुळे आजही नव्या सॉफ्टवेअरमध्ये तेच दुखणं दिसतं आणि माणूस फॉन्टला दोष देतो.

मग मधला मार्ग म्हणून कन्व्हर्टर आले. त्यांना जुन्या फॉन्टमधला 'बिर्ला' युनिकोडमध्ये नेताना वेलांटी ब च्या मागे ढकलावी लागते आणि शेवटी टाकलेला रफार उलटा आणून ल च्या आधी ठेवावा लागतो. बहुतेक वेळा जमतं. पण 'दऱ्या' आणि 'दर्या' घ्या. एक डोंगरातल्या, दुसरा समुद्र. आडवा र काही ठिकाणी न दिसणारं एक जोडचिन्ह वापरून लिहितात. आयात करताना ते गळालं, की दऱ्यांचा दर्या होतो. शब्द बरोबरच दिसतो, म्हणून मुद्रितशोधकाच्याही नजरेतून सुटतो.

आणखी एक उपाय आपल्याकडे घरोघरी झाला आहे: "फाइल कर्व्ह करून पाठवा." म्हणजे अक्षरांची चित्रं करून टाका. छापखान्यापुरतं ते योग्यच आहे, वेलांटी हलत नाही. पण त्या क्षणी मजकूर, मजकूर राहत नाही. त्यात नाव शोधता येत नाही, एक शब्द दुरुस्त करता येत नाही.

इथे खरा प्रश्न आहे, मंडळी. त्या वीस-पंचवीस वर्षांत गावोगावच्या मंडळांच्या स्मरणिका, दिवाळी अंक, ग्रंथालयांच्या याद्या, स्थानिक इतिहासाच्या पुस्तिका अशाच फॉन्टमध्ये लागल्या. त्यांच्या फाइली कदाचित आजही कुठल्या तरी सीडीवर असतील. पण त्यात मराठीचं रूप साठवलंय, मराठी नाही. तो फॉन्ट हरवला की उरतात ती अर्थहीन इंग्रजी अक्षरं. शंभर वर्षांपूर्वीचं निर्णयसागरचं पुस्तक आपण आजही उघडून वाचू शकतो, आणि १९९८ची फाइल वाचू शकत नाही!

म्हणून जुन्या कामाची फाइल हाती असेल, तर सोबत तिचा फॉन्टही जपा, आणि फॉन्ट चालतोय तोवर युनिकोडमध्ये उतरवून घ्या. उतरवल्यावर छापील प्रत शेजारी ठेवून वाचा. वेलांट्या, रफार आणि आडवा र आधी तपासा. नव्या कामात कर्व्ह केलेली फाइल छापखान्याला द्या, पण युनिकोडमधला मूळ मजकूर स्वतःकडे वेगळा ठेवा. पुढचा इतिहास लिहिणाऱ्याला आपलं सुंदर पान नव्हे, त्या पानावरची नावं लागणार आहेत.